रविवारची पंगत: कडक भाकरी आणि मंडईचा माल

१ डिसेंबर २०२४, रविवार

सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींची रविवारी संध्याकाळी जेवणाची पंचाईत होते. खानावळी त्या रात्री बंद असतात. मग कुणी वडापाव खातं, कुणी बिस्किटाचा पुडा फोडतं, कुणी चहावरच भागवतं. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला अशा तालुक्यांतून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली ही मुलं, खोलीभाडं आणि डबा यातच घरून आलेले पैसे संपतात. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकटी-दुकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, मुलं पुण्याला गेली. एका जिवासाठी पातेलं कोण चढवणार, म्हणून तीही दूध-भाकरीवर रात्र काढतात. ही दोन टोकं आठवड्यातून एकदा एका पंगतीला बसवायची, एवढंच काम हाती घेतलंय.

आज ठरलं ते असं. जागा अभ्यासिकेमागची पत्र्याची खोली, वेळ साडेसात. पंचवीस ताटं धरून चालायचं. आचारी नाही, वर्गणी नाही. जमेल त्यानं एक जिन्नस आणायचा, जमेल त्यानं पेटीत पैसे टाकायचे, नाही जमलं तर हात लावायला लवकर यायचं. ताट, वाटी, पेला घरून आणायचा आणि घरी नेऊनच धुवायचा. ही शेवटची अट मी हट्टानं घातली. उजनी काठोकाठ भरलेली असली तरी सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआडच येतं. पंचवीस ताटं विसळायला कुणाची टाकी उपसणार?

मेनू ठरवलेला नाही. त्या दिवशी मंडईत जे भरपूर आणि स्वस्त असेल ते.

८ डिसेंबर, रविवार

पहिली पंगत उठली. मेथीची परतून भाजी, शेंगदाण्याची आमटी, कांदा, लिंबू, गरम भाकरी. चव उत्तम. पण हिशेब जमला नाही, आणि तो पैशांचा नव्हे.

माणशी दोन भाकऱ्या म्हणजे पन्नास. एक भाकरी थापून, तव्यावर उलटून, जाळावर फुगेपर्यंत तीन मिनिटं सहज जातात. दोन शेगड्या लावल्या तरी सव्वा तास झाला. तेवढा वेळ गल्लीतल्या अक्का आणि शेजारच्या मावशी पिठाच्या हातानं उभ्या होत्या, आणि बाकीचे जेवून ढेकर देऊन मोकळे. त्या दोघी बसल्या तेव्हा आमटी तळाला लागलेली. पंगत सगळ्यांची आणि चूल दोघींची, असं असेल तर याला एकत्र जेवण म्हणायचं कसं? पोरं म्हणाली, आम्ही थापतो. थापल्या. दोन तव्यावर फाटल्या, एक नकाशासारखी निघाली. शिकतील, पण त्यासाठी पंगत थांबवता येणार नाही.

चपात्या विकत आणाव्यात अशी एक सूचना आली. नको. पेटी महिन्याभरात रिकामी होईल.

१५ डिसेंबर, रविवार

उत्तर अक्कांनीच काढलं, आणि ते आमच्या नाकासमोर होतं. “पयलं कशाला गरम पायजे तुमाला? कडक भाकरी हाय की ओ.”

सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी नवी नाही. प्रवासाला, शेतावर, परगावी शिकणाऱ्या पोराच्या पिशवीत ती जातेच. पण आपण तिला वाटेवरचं खाणं समजतो, पंगतीचं नाही. काल दुपारी अक्कांच्या ओट्यावर बसून ती कशी होते ते नीट पाहिलं.

पीठ ताजं दळलेलं हवं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते, मग थापताना कडा चिरतात. अक्का कढत पाणी घालतात, थोडं थांबतात, मग तळहाताच्या टाचेनं पीठ रगडतात. एवढं रगडतात की परात सरकू नये म्हणून एक पाय तिच्या कडेला लावलेला असतो. भाकरी थापायची ती कागदासारखी, मधे आणि कडेला सारखी. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटलं की उलटायची. इथपर्यंत रोजचीच भाकरी. फरक पुढं आहे. ती फुगवायची नाही. जाळ मंद करून फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत, फिरवत फिरवत आतला ओलावा काढायचा. मग खाली उतरवून चुलीच्या उबेला भिंतीशी उभी करायची. आडवी ठेवली तर खालच्या बाजूला घाम सुटतो आणि मधोमध मऊ राहते. बोटाच्या नखानं टिचकी मारली की पापडासारखा आवाज आला पाहिजे. डब्यात कोरडी ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते.

किलोभर पिठात जाड भाकऱ्या बारा-तेरा होतात, अशा पातळ अठरापर्यंत. अक्कांचा बचत गट त्या करून विकतोच. आता दर आठवड्याचा त्यांचा माल आम्ही पेटीतून घेणार, म्हणजे त्यांच्या कामाला दामही मिळेल आणि रविवारी संध्याकाळी त्या सगळ्यांच्या आधी ताटावर बसतील.

यातून प्रकल्पाचं सूत्र हाती लागलं. कोरडं ते कायमचं आणि आधी तयार: कडक भाकरी, शेंगाचटणी, करडईचं तेल. ओलं ते मोसमाचं आणि त्या दिवसाचं: कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण), पालेभाजी, कच्चं खायचं. शेगडीवर एकच पातेलं.

शंका एकच आली, गल्लीतल्या आजोबांची. दात नाहीत, ही कुरकुर कशी चावणार? पातळ आमटीत कुस्करून दहा मिनिटं ठेवली. दोन वाट्या खाल्ल्या.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी लक्ष्मी मंडई. डिसेंबरात इथं हात आखडता घ्यायचं कारण नाही. मेथी, शेपू, चुका, चाकवत, चंदनबटवा, हरभऱ्याची भाजी, कांद्याची पात. कोवळी करडई एका आजीकडे होती. तिची पानं मोठी झाली की काटेरी होतात, म्हणून ती आत्ताच. निम्मी बारीक चिरून कच्ची ठेवली, वर कांदा, मीठ, दाण्याचा कूट. पाथरीची एक जुडी तशीच कच्ची.

पोरं मेथीला सरावलेली. पाथरी बघून एकानं विचारलं, “हे गवत कुणासाठी?” मंगळवेढ्याचा पोरगा काही न बोलता चार पानं चटणीत बुडवून भाकरीच्या तुकड्यावर ठेवून खाऊन मोकळा झाला. जुडी पुरली नाही.

शेंगाचटणी, पंचवीस माणसांना दोन रविवार पुरेल अशी: शेंगदाणे एक किलो मंद भाजून, साल काढून, लसूण शंभर ग्रॅम, लाल तिखट साठ-सत्तर ग्रॅम, जिरं, मीठ. मिक्सरमध्ये भुगा होतो, चटणी होत नाही. उखळात कुटायची, दाण्याला तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत. कुटायचं काम अभ्यासिकेतल्या मुलांकडे दिलंय. राज्यघटनेची कलमं पाठ म्हणत कुटतात, दोन्ही होतं.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या. आमच्याकडं येळवस म्हणतात. अक्कलकोट तालुक्यातल्या एका पोराच्या घरच्यांनी अख्ख्या अभ्यासिकेला शेतावर बोलावलं. जीप ठरवून गेलो.

मार्गशीर्षातली ही अमावस्या सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात घरात साजरी होत नाही, रानात होते. ज्वारी पोटरीतून निघून कणसं भरत आलेली, हरभऱ्याला घाटे, तुरीच्या शेंगा टच्च. ज्वारीच्या ताटांची खोप करून आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडतात, पूजा करतात, अंबील शेतात चारी बाजूंना शिंपडतात आणि मग जेवायला बसतात. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, ही रीत. शहरातली निम्मी दुकानं त्या दिवशी ओस असतात, कारण ज्याचं शेत नाही त्याला कुणाच्या तरी शेतावरचं बोलावणं असतंच.

मला पाहायची होती ती भज्जी. तळायची भजी नव्हे. तुरीचे दाणे, सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे), पावटा, वाटाणा, भिजवलेले शेंगदाणे हे सगळं आधी शिजवायचं. मग गाजर, वांगं, मेथी, चुका, कांद्याची पात. हिरवी मिरची आणि लसूण वाटून. चिंचेचं पाणी. शेवटी ताकात कालवलेलं बेसन सोडून दाट होईपर्यंत घोटायचं. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली अंबील: ज्वारीचं पीठ शिजवून, गार करून, आंबट ताक, लसूण, जिरं, मीठ.

पोराच्या आईला प्रमाण विचारलं. म्हणाल्या, “प्रमाण कसलं ओ दादा, रानात काय हाय ते घालायचं.” पण त्यांच्या हाताला प्रमाण आहे. मी शेजारी बसून पाहिलं. कडधान्याचे दाणे मिळून जेवढे, तेवढाच पाला, आणि बेसन त्याच्या आठव्या हिश्शाच्या आत. म्हणजे पंचवीस माणसांना सोललेले दाणे सगळे मिळून दोन किलो, निवडलेला पाला तेवढाच, बेसन पाव किलोच्या आत. बेसन वाढलं की पिठलं होतं.

येताना डबाभर भज्जी बांधून दिली. शिळी जास्त चांगली लागते, हे त्यांनी सांगितलेलं खरं निघालं.

५ जानेवारी २०२५, रविवार

भज्जी खोलीत करून पाहिली. सोलणं हेच खरं काम. पाच वाजल्यापासून आजोबा, मावशी आणि सहा-सात मुलं तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गप्पा पंगतीपेक्षा इथंच जास्त झाल्या. पुढच्या वेळी सोलायचं काम मुद्दाम ठेवायचं.

१२ जानेवारी, रविवार

उद्या भोगी. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकांनी रस्ते अडतात, म्हणून सामान सकाळीच आणून ठेवलं. भोगीची भाजी म्हणजे भज्जीचीच धाकटी बहीण: वांगं, गाजर, पावटा, सोलाणे, बोरं, तिळाचा कूट. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या प्रत्येक घरातून चार-चार आल्या. आज कडक भाकरीला सुट्टी.

जेवण साताला उरकलं, सगळी पोरं गड्ड्यावर पळाली.

२ फेब्रुवारी, रविवार

हुरडा आणावा असा आग्रह होता. आणला, आणि माझं मत पक्कं झालं की हुरडा पंगतीत आणायची वस्तू नव्हे. कणीस दुधातून चिकात गेलं की चार-आठ दिवसांची ती वेळ. गोवऱ्यांच्या आरात भाजून तळहातावर चोळायचं आणि हाताहातानं गरम खायचं. सुरती असो की गुळभेंडी, कुठल्याही जातीचा हुरडा मोकळा करून पिशवीतून शहरात आणला की तासाभरात त्याचा चामट दाणा होतो. वर दही-चटणी कितीही घाला. हुरड्याला आपण जावं.

जमलं ते वेगळंच. गार हुरडा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून फोडणीला टाकला आणि कडक भाकरीच्या तुकड्यांवर वाढला. तो मात्र चाटून-पुसून संपला.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुणाला काय चालत नाही, याची यादी आज भिंतीवर लावायची होती. एक मुलगी जैन, कांदा-लसूण-गाजर नाही. आजोबांना तिखट नाही. अक्का सोमवार धरतात, पण तो रविवारी आड येत नाही. एकाला शेंगदाण्यानं अंगावर पित्त उठतं, आणि सोलापुरात शेंगदाणा टाळायचा म्हणजे मोठंच व्रत.

यादी लावलीच नाही, कारण गरज पडेना. डाळीच्या पातेल्यात आपण मीठ-हळदीपलीकडे काही घालतच नाही. डाळ साधी शिजलेली. लसणाची फोडणी वेगळ्या कढल्यात, चटणी वेगळी, कूट वेगळा, कांदा वेगळा, दही वेगळं. ज्यानं त्यानं आपल्या ताटात जुळवायचं. मुलीनं साधी डाळ, दही, भाकरी घेतली. शेजारच्यानं त्याच डाळीवर दोन पळ्या लसणीचं तेल ओतलं. स्वयंपाक करून वाढण्यापेक्षा जिन्नस मांडून ठेवण्याचा हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

नवी ज्वारी यायला लागली. मंगळवेढ्याच्या पोराच्या घरून अर्धं पोतं मालदांडी आली. तिकडची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. पेरणी परतीच्या पावसावर, पुढं थंडीतल्या दवावर पीक निघतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मालदांडी ३५-१ ही निवड आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातली. पोरगा पोतं खांद्यावरून उतरवून म्हणाला, “दामाजीपंतांच्या गावचं हाय, मोजून घेऊ नका.” दुष्काळात धान्याची कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं नाव काढल्यावर मोजायची काय बिशाद.

अक्कांनी मूठभर दाणे दाताखाली धरून पाहिले आणि “ह्येची भाकरी गोड” एवढंच म्हणाल्या.

९ मार्च, रविवार

रमजान चालू आहे. गल्लीतल्या चाचींच्या घरातली चौघं पंगतीला नेमानं येतात. ती आल्याशिवाय बसायचं नाही असं मुलांनी परस्पर ठरवलं, मला नुसतं कळवलं. सूर्यास्त साडेसहाच्या पुढं. वेळ साडेसातऐवजी पावणेसात केली. खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि लिंबाचं सरबत आधी, मग नमाजाला अर्धा तास मोकळा, मग ताटं. त्या अर्ध्या तासात बाकीच्यांनी कैऱ्या किसल्या.

चाचींनी मसुरीची डाळ करून आणली, कैरीची फोड टाकून. आमच्या डाळीपेक्षा बरीच सरस. पुढच्या रविवारी त्यांच्याकडून शिकून घ्यायची. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) मावशींनी चिंचेचा सार आणला होता. नवी चिंच बाजारात आलीय, वर्षाची आत्ताच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत भरायची. चार किलो घेतली.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी प्रत्येक घरी आपापलं गोडधोड, त्यामुळे संध्याकाळी भूक बेतानं. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, भिजवलेली हरभराडाळ, जिरं हे वाटून ठेवलं. वाटीभर पुरलं असतं, मुलांनी तोंडं वेडीवाकडी करत का होईना सगळं संपवलं. जेवता जेवता चाचींच्या नातवाला फोन आला, चंद्र दिसला. उद्या ईद. शीरखुर्म्याचं बोलावणं जागच्या जागी सगळ्यांना.

२० एप्रिल, रविवार

ऊन मी म्हणतंय. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून पंगत गच्चीवर, आठला. मंडईत पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते आणि भावही चढलेला. भाजीचे हे दिवस भाकड. आता डिसेंबरात केलेली बेगमी उपयोगाला आली.

हरभऱ्याची भाजी मावशींनी थंडीत वाळवून ठेवली होती. कोवळे शेंडे फुलं यायच्या आत खुडतात. खुडल्यानं झाड आणखी फुटतं, म्हणून शेतकरीही नाही म्हणत नाही. पानांवर आंब असते, तिच्यानंच भाजीला आंबटपणा. धुतली की तो पाण्याबरोबर जातो, त्यामुळे मावशी ती झटकून, निवडून, सावलीत वाळवतात. हाताला चुरली की भुगा होतो. भिजवलेली तुरीची डाळ शिजवायची, त्यात दोन मुठी चुरा, ज्वारीचं थोडं पीठ लावून घोटायचं, दाण्याचा कूट आणि लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी वेगळी. ताटात गोळा, मधे खळगा, खळग्यात करडईचं तेल.

सोबत किसलेली कैरी आणि कांदा, गूळ, तिखट. आणि अंबील, आता रोजचीच गरज. पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं. या उष्म्यात सकाळपर्यंत आंबतं, थंडीत त्यालाच दीड दिवस लागायचा.

उन्हाळ्यासाठी तीन गोष्टी ठरवल्या. ओलं खोबरं आणि उकडलेला बटाटा बंद. डाळ सातच्या आधी शिजवायची नाही. उरलेलं ओलं काहीही दुसऱ्या दिवसासाठी कुणाला बांधून द्यायचं नाही, त्यापेक्षा कमीच शिजवायचं. कमी पडलं तर भाकरी-चटणीचा डबा आहेच.

पाण्याची ओढ चालू आहे, पण ताट घरून आणायच्या अटीमुळे आमचं काम एका पातेल्यावर आणि दोन पळ्यांवर भागतं.

४ मे, रविवार

परीक्षा, सुट्ट्या, लग्नं. पंगत पंधरा-सोळा ताटांवर आलीय. हरकत नाही, चालू ठेवायची. म्हातारी माणसं सुट्टीवर जात नाहीत.

अक्कांशी पावसाळ्याचं बोलणं झालं. जूनमध्ये हवेत ओल आली की कडक भाकरी डब्यातसुद्धा सादळते. त्यांचं म्हणणं, तेव्हा पंधरा दिवसांचा माल एकदम करायचा नाही, शनिवारी करायचा आणि रविवारी खायचा, सादळलीच तर तव्यावर मंद शेकायची. मला ते पटलं, पण आगाऊ तयार असणं हाच तिचा गुण, तो पावसाळ्यात निम्मा जातो. म्हणून घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे घ्यायचे, तळाला भाजलेलं जाडं मीठ फडक्यात बांधून ठेवायचं. चालतं का ते पाहू.

मेअखेरपर्यंत करायची कामं. कुरडया, सांडगे मावशींच्या गच्चीवर, उन्हं तापायच्या आत सकाळी. तिखटासाठी मिरची कांडून आणणं. कांदा मार्केट यार्डातून एक गोणी, पण उन्हाळी कांदाच, तो टिकतो, आणि गोणीतून काढून खोलीत पसरून ठेवायचा. तुरीची डाळ दहा किलो. अंबाडीचं बी आजोबांच्या परसात टाकायचं. पाऊस पडला की महिन्या-दीड महिन्यात पाला खुडायला येईल, आणि पद्मशाली मावशी व अक्का दोघींनीही आत्ताच सांगून ठेवलंय की पहिली भाजी त्यांच्या पद्धतीनं होणार. एकच पातेलं असल्यामुळे हा तंटा दोन रविवारांत विभागून द्यावा लागेल.